पुरुषावरचं प्रेम लपवणारा माणूस ज्यात आधी खोटारडा ठरत नाही अशी मालिका सुचवाल का?

वृंदा_मेम्फिस:

नमस्कार मंडळी. प्रश्न मालिकांबद्दलच आहे, पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय तो नीट कळायचा नाही, म्हणून जरा लांबण लावतेय.

मी मूळची मिरजेची. गेली अकरा वर्षं अमेरिकेत, मेम्फिसला नर्स आहे. कायम रात्रपाळी, संध्याकाळी सात ते सकाळी सात. माझ्या जोडीला मिस डी असते. इकडे दक्षिणेत वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो वा नसो, आपल्या 'ताई'सारखं. मिस डी एकसष्ट वर्षांची, कृष्णवर्णीय, व्हाइटहेवन भागात राहते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पांढरा पोशाख आणि पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दाराशी उभी राहते आणि येणाऱ्यांना जागा दाखवते. आईच्या खालोखाल मी कुणाचं ऐकत असेन तर तिचं.

रात्री तीनच्या सुमाराला वॉर्ड शांत असला की आम्ही जेवायच्या खोलीत फोन साखरेच्या डब्याला टेकवून वीस-पंचवीस मिनिटं काहीतरी बघतो. 'पी-व्हॅली' तिनेच लावली. मालिका घडते मिसिसिपी डेल्टामधल्या चुकालिसा नावाच्या काल्पनिक गावात, आणि ती लिहिणारी कटोरी हॉल मेम्फिसची, म्हणून मिस डीला तिचं फार कौतुक. एका नाचाच्या क्लबची गोष्ट आहे. क्लब चालवते अंकल क्लिफर्ड. दाढी आहे, लांबलचक नखं आहेत, रोज वेगळा विग, आणि सगळे तिच्याबद्दल बोलताना 'ती'च म्हणतात. तिच्या प्रेमात पडतो लिल मर्डा, नाव काढायला धडपडणारा तरुण रॅपर. दोघंच असले की तो इतका हळवा होतो, आणि चार लोक आले की चेहराच बदलतो. पहिल्या सीझनच्या शेवटी तर तो सगळ्यांदेखत तिला ओळख देत नाही.

तिथे मिस डीने फोन पालथा घातला आणि उठून गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "हे टीव्हीवाले नेहमी आधी त्याला खोटारडा दाखवतात. माझा भाऊ खोटारडा नव्हता."

तिला भाऊ होता हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने बायबलमध्ये जपून ठेवलेली एक पुस्तिका आणली. इकडे अंत्यविधीला अशी छापील पुस्तिका वाटतात, वर फोटो, आत प्रार्थनांचा क्रम, थोडक्यात चरित्र, मागे कोण कोण आहे त्यांची नावं. भाऊ १९९३ साली गेला, छत्तीस वर्षांचा. पोस्टात नोकरी, बायको, एक मुलगी. चरित्रात लिहिलंय ते मराठीत सांगायचं तर 'अल्पशा आजाराने'. आजार अल्पसा नव्हता, दोन वर्षं चालला होता, आणि त्याचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. दर दुसऱ्या शनिवारी तो एका मित्राबरोबर सार्डिस तलावावर मासे धरायला जायचा. शेवटच्या दोन महिन्यांत त्याचं अंग पुसायला, खाऊ घालायला तोच मित्र येत होता. अंत्यविधीला तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला. पुस्तिकेत त्याचं नाव कुठेच नाही. मिस डी म्हणाली, "मी वळून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला पुढे बोलावलं नाही."

पुरुषाने पुरुषावर असं लपूनछपून प्रेम करण्याला इथे 'डाउन लो' म्हणतात. शब्द जुनाच आहे, नव्वदच्या दशकातल्या गाण्यांत तो बाई आणि पुरुषाच्या चोरट्या प्रेमासाठीही यायचा. पुढे तो कृष्णवर्णीय पुरुषांनाच चिकटला. तिने विचारलं, तुमच्या भाषेत काय म्हणतात? मला 'झाकली मूठ'च आठवली. अर्थ सांगितला, उघडली नाही तोवर तिची किंमत सव्वा लाख. ती बराच वेळ स्वतःची मूठ बघत बसली.

तर माझा प्रश्न. अशा माणसाला आधी माणूस म्हणून दाखवणारी, आणि मग त्याच्या लपवण्याकडे येणारी मालिका कुणी पाहिली आहे का? तिच्याबरोबर बघायची आहे. 'ग्रीनलीफ' आमची बघून झाली.


केदार_एडिसन:

वृंदाताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून सकाळची लोकल सुटली, पण उत्तर लिहूनच निघतोय.

मिस डी म्हणतात त्याला एक साल आहे, २००४. तेव्हा मी नुकताच न्यू जर्सीत आलो होतो आणि इंग्रजी सुधारायला रात्री टीव्ही बघायचो. त्या एप्रिलमध्ये ओप्रा विन्फ्रेने आपल्या कार्यक्रमात जे. एल. किंग नावाच्या लेखकाला बोलावलं. स्वतः लग्न करून पुरुषांशी संबंध ठेवलेला हा माणूस, आणि सूर असा की बायांनो, तुमच्या शेजारी झोपलेला माणूस ओळखायला शिका. त्याच सुमाराला 'लॉ अँड ऑर्डर: एसव्हीयू'चा एक भाग आला. सरकारी वकिलाचा खून, संशय त्याच्याच कचेरीतल्या विवाहित कृष्णवर्णीय सहकाऱ्यावर, आणि त्यात एचआयव्ही. तपास करायचा तो पोलिसांनी, म्हणजे माणूस पडद्यावर येतो तोच आरोपी म्हणून. त्याच्या मनात काय चाललंय हे विचारायला वेळ कोणाला?

आणि आता हे बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचे गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही बायकोला शेजारी उभं करून टीव्हीवर म्हणाले की मी गे अमेरिकन आहे आणि राजीनामा देतोय. गोरे, दोनदा लग्न झालेले. आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. पण कोणी 'डाउन लो' म्हटलं नाही. गोरे पुरुष असं करतात का, सगळ्यांनी सावध राहावं का, असंही कोणी विचारलं नाही. त्यांचं ते एकट्याचं दुःख ठरलं.

म्हणून मी 'द वायर' सुचवेन. बाल्टिमोरची गोष्ट. त्यात ओमर लिटल आहे, बंदूक घेऊन ड्रग विकणाऱ्यांना लुटणारा. कृष्णवर्णीय, चेहऱ्यावर उभा व्रण, आणि त्याला पुरुष आवडतात हे गल्लीतल्या पोराटोरांना माहीत. तो काहीच लपवत नाही. मग लपवतो कोण? तिसऱ्या सीझनमध्ये, तोही २००४चाच, कॅमेरा एका गे बारमधून फिरतो आणि गर्दीत पोलिस खात्याचे वरिष्ठ अधिकारी रॉल्स दिसतात. गोरे, कडक, शिवराळ. दोन-तीन सेकंद, बस. पुढे मालिकेने त्याची गोष्ट केलीच नाही. मी ते रिवाइंड करून पाहिलं होतं, मला वाटलं चुकून दिसलं. आजूबाजूला जे चाललं होतं त्यावर लेखकांनी दोन सेकंदांत जे उत्तर दिलं ते मला अजून पुरतंय.


निशिगंध:

मी सहसा इथे लिहीत नाही. पण सगळे त्याच्याबद्दलच बोलताय, आणि बायकोबद्दल दोन शब्द कोणीतरी लिहायला हवेत.

माझं लग्न २००९ साली नाशिकला झालं. रीतसर, पत्रिका जुळवून. माणूस चांगला होता, अजून आहे. चार वर्षं त्याने मला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. मी वजन कमी केलं. केस कापले, मग परत वाढवले. सासूबाई दर संकष्टीला नवीन उपास सांगायच्या. नंतर कळलं की घरात दोघांना माहीत होतं, आणि लग्न झालं की ठीक होईल असं त्यांनी ठरवलं होतं. ठीक करायचं काम माझ्यावर होतं आणि मला ते सांगितलंच नव्हतं.

'ग्रीनलीफ' मी पाहिली आहे. बिशपची मुलगी चॅरिटी, गरोदर, आणि नवरा केव्हिन तिच्याजवळ येत नाही. तिचा तो चेहरा मी ओळखते, आरशात पाहिलाय. केव्हिनचं झुरणं मालिकेने छान दाखवलं, मला त्याचं वाईटही वाटलं. पण वृंदाताई, तुमच्या मिस डीच्या भावाला बायको होती ना? ती कुठे आहे या गोष्टीत? तिला दर दुसऱ्या शनिवारी काय वाटत असेल? तो खोटारडा नव्हता म्हणता, मग तिच्याशी जे झालं त्याला काय म्हणायचं?

रागाने लिहीत नाहीये. खरंच विचारतेय.


ऋता_आरोग्य:

एकच मुद्दा, माझ्या कामाचा असल्यामुळे.

२००४च्या त्या कार्यक्रमांनी लोकांच्या डोक्यात जे बसवलं, की कृष्णवर्णीय बायकांना एचआयव्ही होतो तो लपूनछपून पुरुषांकडे जाणाऱ्या नवऱ्यांमुळे, त्याला नंतरच्या अभ्यासांनी आधार दिला नाही. लपवणारे पुरुष हे साथीचं मुख्य कारण निघाले नाहीत. कृष्णवर्णीय गे आणि बायसेक्शुअल पुरुष इतरांपेक्षा जास्त बेफिकीर वागतात असंही आढळलं नाही. तरी २०१६ साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की तेव्हाचा वेग कायम राहिला तर त्यांच्यातल्या दर दोघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. कारणं साधी आणि वाईट आहेत. जोडीदारांचं लहान वर्तुळ, त्यात आधीच जास्त लागण, उशिरा तपासणी, विमा नाही, दवाखाना लांब, आणि तपासायला गेलो तर कोणी बघेल ही धास्ती. टीव्हीने धास्ती वाढवली, म्हणजे तपासणी आणखी लांबली.

निशिगंध, तुमचा प्रश्न यातून सुटत नाही, याची जाणीव आहे.


वृंदा_मेम्फिस:

निशिगंध, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि मिस डीला इंग्रजीत सांगितली. तिने विचारलं, "ती बरी आहे ना आता?" हे आधी, मग बाकीचं.

तिची वहिनी हयात आहे. दोघी बोलतात, पण त्या विषयावर एकतीस वर्षांत एक शब्द नाही. मिस डीच्या म्हणण्यानुसार भावाने लग्न केलं ते वडिलांसाठी. त्यांच्या वडिलांबद्दल सांगते, कारण मला ते कळल्यावर सगळं वेगळं दिसायला लागलं.

ते मेम्फिसमध्ये कचरा उचलायचे. १ फेब्रुवारी १९६८ला पावसात दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर. त्यानंतर तेराशे कामगार संपावर गेले, आणि त्याच संपासाठी आलेले असताना ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची इथे हत्या झाली. संपकऱ्यांच्या छातीवर पाट्या असायच्या, 'आय ॲम अ मॅन'. पन्नाशीच्या बाप्यालासुद्धा गोरा मुकादम 'बॉय' म्हणून हाक मारायचा, त्याला हे उत्तर होतं. मिस डी तेव्हा पाच वर्षांची, भाऊ अकरा. वडिलांची पाटी घरात दिवाणखान्यात लावलेली होती, अजून तिच्याकडे आहे.

ती वाचताना मी अडले. याचं मराठी काय करायचं? 'मी माणूस आहे' की 'मी पुरुष आहे'? वडील पहिला अर्थ मागायला रस्त्यावर उतरले होते. मुलाने त्याच पाटीखाली बसून रोज दुसरा ऐकला. पुरुष हो. रडू नको, चालणं सुधार, पोरगी बघ. ज्या घराने माणूस म्हणवून घ्यायला एवढी किंमत मोजली, तिथे त्या मुलाने काय सांगायचं होतं?

म्हणून वहिनीशी झालं ते बरोबर, असं नाही. तुमच्यावर जे लादलं गेलं तेही नाही. 'खोटारडा नव्हता' हे मिस डीचं वाक्य मी जसंच्या तसं घेतलं, तिथे मी घाई केली.


मुक्काम_पुणे:

वृंदाताई, 'लव्हक्राफ्ट कंट्री' बघा. एचबीओ, २०२०. भुताखेतांची आणि जादूटोण्याची मालिका आहे, मिस डींना ते आवडेल की नाही सांगता येत नाही, पण माँट्रोज फ्रीमनसाठी बघा. पन्नासच्या दशकातलं शिकागो. बाप म्हणून हा माणूस वाईट आहे, दारू पितो, पोराला मारलेलं आहे. सॅमी नावाच्या पुरुषाशी त्याचं गुपचूप चालू आहे. पाचव्या भागात सॅमी आणि त्याच्या मैत्रांबरोबर तो नाचायला जातो, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्याचे खांदे सैल सुटतात. नवव्या भागात गोष्ट १९२१च्या टल्सात जाते, गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची अख्खी वस्ती जाळली त्या रात्री. तिथे कळतं की माँट्रोजला त्याच्या बापाने मारून मारून काय शिकवलं, आणि त्याचा थॉमस नावाचा मित्र त्याच रात्री कसा गेला.

केदार, तुमच्यासाठी, माँट्रोजचं काम मायकल के. विल्यम्सने केलंय. तोच ओमर. काहीच न लपवणारा आणि सगळंच लपवणारा, दोघं त्याच चेहऱ्यावर, त्याच व्रणासकट. २०२१च्या सप्टेंबरमध्ये तो गेला, मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं.

आणि 'इन्सिक्युअर'चा पहिला सीझन. जॅरेड आपल्या मैत्रिणीला, मॉलीला, सरळ सांगतो की पूर्वी एकदा एका पुरुषाशी माझा संबंध आला होता. काही लपवत नाही. ती त्याला सोडून देते. खरं बोलल्यावर काय होतं हेही कुणीतरी दाखवायला हवं होतं.

मी सत्तेचाळीसचा. लग्न केलं नाही, एवढंच काय ते जमलं. निशिगंधताई, तुम्हाला आलेल्या स्थळासारखी अकरा स्थळं मी काही ना काही कारण काढून परतवली, त्यातल्या एकीलाही खरं सांगितलं नाही. ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होतो, टीव्ही चालू होता. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी डब्यातली दोडक्याची भाजी संपवली, डबा विसळला आणि जागेवर जाऊन बसलो. आई एकोणऐंशीची आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.


निशिगंध:

सांगा हो. किंवा नका सांगू. पण त्या अकराजणींच्या वतीने, परतवलंत ते बरं केलंत.


वृंदा_मेम्फिस:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नववा भाग पाहिला. मधले भाग मिस डीने भराभर पुढे ढकलायला लावले, राक्षस तिला नको होते.

टल्सातल्या त्या अंगणात बाप मुलाला मारतो तेव्हा ती काही बोलली नाही. थॉमसला गोळी लागते तिथे तिने माझं मनगट धरलं आणि भाग संपेपर्यंत सोडलं नाही. मग म्हणाली, "हा माणूस खोटं बोलतो. आयुष्यभर बोललाय. आणि तरी मी त्याला दारातून परत पाठवलं नसतं." थोड्या वेळाने म्हणाली, की आता ती वहिनीला फोन करणार आहे, रविवारी, चर्च सुटल्यावर. काय बोलणार ते ठरलेलं नाही.

पहाटे साडेपाचला औषधांची फेरी संपवून आले तर ती पुस्तिका टेबलावर उघडी होती. 'मागे परिवार' असं आपण म्हणतो त्या यादीचं पान. तिने माझ्याकडे पेन मागितलं. आईवडील, पत्नी, मुलगी, बहीण, आणि त्याखाली तिने सावकाश एक नाव लिहिलं, चार्टवर लिहितो तशा सुट्या अक्षरांत. नुसतंच नाव. पुढे पेन टेकवून ती थांबली, मला वाटलं काही आठवतेय.

त्याचं आडनाव तिला माहीत नव्हतं.